पोट फुगलंय, एवढंच कळलं

मागच्या वेळी कळण्याच्या भाकरीवर लिहिलं होतं, त्यावर पुढचं लिहीन असं कबूल केलं होतं. ते राहू द्या. आज मासे. खायचे नव्हेत, पाळायचे. आमच्या घरी माळकरी माणसं, त्यामुळे मासा हा प्राणी मी सत्तरी उलटेपर्यंत फक्त बाजाराच्या दिवशी टोपलीत पाहिलेला, तोही लांबून. आता काचेच्या पेटीत सोळा आहेत आणि त्यांच्याशी मी बोलते, असं सूनबाईंचं म्हणणं आहे.

ते आले कसे, ते आधी सांगते. आमचं सोनाळा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं, संग्रामपूर तालुक्यातलं गाव. नळ रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घरी हौद. हौद म्हटला की डासांच्या अळ्या आल्याच. आरोग्य खात्याची माणसं घरोघरी फिरतात, हौदात बॅटरी मारून बघतात आणि अळ्या दिसल्या की पिशवीतून चार-दोन गप्पी मासे सोडून जातात. फुकट. गप्पी हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की मला तो गप्पांवरूनच आला असेल असं वाटायचं. तो मुळात एका माणसाच्या आडनावावरून आला. त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या गृहस्थांनी हे मासे लंडनच्या संग्रहालयात पाठवले आणि १८६६ साली त्यांचं नाव माशाला चिकटलं. मासा दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा. डासांसाठी म्हणून आपल्याकडे आणला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

तर मे महिन्यात पुण्याहून नातू आला, त्याने हौदात डोकावून पाहिलं आणि आठ दिवसांत दीड फुटाची काचेची पेटी, हवेचा पंप, गाळणी आणि दाण्यांची डबी असं सगळं अकोल्याहून आणवून घेतलं. हौदातल्या गप्पींना बंगला मिळाला. नर म्हणजे बोटाच्या पेराएवढा, शेपटीला रंग. मादी त्याच्या दुप्पट, राखाडी, साधी. नातवाने दिवसातून पाच-सहा वेळा दाणे टाकले. आणि तिसऱ्या आठवड्यात एका मादीचं पोट फुगलं.

"आजी, ही आजारी आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. फुगलं होतं खरं. नातवाने दुकानदाराला फोन केला. त्याने न बघता निदान केलं: "पोट फुगलं ना? इन्फेक्शन." निळं औषध, कसल्याशा कॅप्सूल, त्या फोडून पाण्यात टाकायच्या. एसटीने पार्सल आलं सुद्धा! आम्ही तिला जाळीने धरलं, बादलीत टाकलं, निळं केलं, कॅप्सूल फोडली. ती बादलीभर सैरावैरा धावत होती. आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या बाईंनी बादलीत पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बाई, थे बिमार नाही. गाभण हाये थे. तुमाले इतकं शिकून समजत नाही व?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीच्या तळाशी अठरा पिल्लं होती. बहुतेक मेलेली. जी जिवंत होती त्यांच्या पोटाखाली पिवळसर थेंब लोंबत होता आणि त्यांना पोहता येत नव्हतं. तो थेंब म्हणजे पिवळ बलक, पिल्लू आत असताना त्यावर वाढतं. दिवस भरायच्या आत बाहेर आली होती ती. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं देते, साधारण तीन ते चार आठवड्यांनी. पण तिला घाबरवलं, पाणी एकदम बदललं, की ती आधीच मोकळी होते. आजार नव्हताच, आम्ही तो उपचार करून आणला.

नातू रडला नाही. नुसता गप्प बसला. मी त्याला कढी-खिचडी करून घातली. तो पुण्याला परत गेला आणि पेटी माझ्याकडे राहिली.

मंडळी, इथवर वाचून तुम्ही हसला असाल तर हसा, मीही हसले होते. पुढचं मात्र हसण्याजोगं नाही.

जानेवारीत दुसऱ्या एका मादीचं पोट फुगलं. आता मी शहाणी झाले होते. गाभण! दूधवाल्या बाईंनाही दाखवलं, त्या कासंडी भरण्याच्या घाईत होत्या, लांबूनच "हो हो" म्हणाल्या. मी नातवाला फोनवर गोड बातमी दिली. पिल्लांना लपायला म्हणून पेटीत शेवाळ आणून टाकलं, कारण गप्पीची आई स्वतःचीच पिल्लं खाते. आणि तिला दोन घास जास्त घालू लागले. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर, सकाळ-संध्याकाळ. आमच्या माळकरी घरात अंडं उकडलं गेलं ते मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यात. ह्यांनी एक शब्द काढला नाही, फक्त पेपर जरा उंच धरला.

सहाव्या दिवशी ती वर पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन थांबली. हलेना. मी वरून वाकून पाहिलं आणि मला ते ओळखूच येईना. अंगावरचे खवले एकेक उभे राहिले होते. सीताफळाचे डोळे कसे सुटे सुटे दिसतात, तसे. डोळेही थोडे बाहेर आलेले.

माझा एक जुना विद्यार्थी मत्स्यव्यवसायात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, वरून खवले उभे दिसतात का?" मी म्हटलं हो. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "बाई, हा जलोदर आहे."

हा शब्द मी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा ऐकला. त्याच्याकडे येईन, पण आधी माशाचं सांगून टाकते, कारण ते मला त्या दिवशी जितकं नीट कळलं तितकं शाळेत शिकवतानाही कळलं नव्हतं. माझी पदवी बी.ए. मराठी, पण विज्ञानाला शिक्षक नव्हते म्हणून दोन वर्षं आठवीला विज्ञान माझ्या गळ्यात पडलं होतं. परासरणाचा प्रयोग तुम्हीही केला असेल. मनुका पाण्यात टाकायची, रात्रभरात ती फुगते. आत साखर जास्त, बाहेर पाणी निव्वळ, म्हणून पाणी सालीतून आत शिरतं. विद्यार्थी म्हणाला, "बाई, गोड्या पाण्यातला मासा म्हणजे तुमची मनुका. फक्त जिवंत."

माशाच्या रक्तातलं मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त. म्हणून पाणी रात्रंदिवस त्याच्या कल्ल्यांतून, कातडीतून आत झिरपत असतं. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीत नाही, त्याला गरजच नाही. त्याची मूत्रपिंडं जन्मभर एकच काम करतात, आत आलेलं पाणी उपसून बाहेर टाकायचं. गळक्या होडीत बसून वाटीने पाणी उपसावं तसं. समुद्राच्या माशाचं बरोबर उलटं, तो पाणी पितो आणि मीठ बाहेर टाकतो. तर हा उपसणारा ज्या दिवशी थकतो त्या दिवसापासून पाणी पोटात साठतं, खवल्यांच्या खाली साठतं आणि खवले उभे राहतात. म्हणजे जलोदर हे रोगाचं नाव नव्हेच. उपसणारा थकला, एवढीच ती खूण. का थकला, ते वेगळं शोधायचं.

बहुधा जिवाणू शिरलेले असतात. एरोमोनास नावाचे जिवाणू साध्या पाण्यातही असतातच, धडधाकट माशाचं ते काही बिघडवू शकत नाहीत. मासा कशाने तरी आधीच खचलेला लागतो. आणि तो कशाने खचला होता, हे विद्यार्थ्याच्या चार प्रश्नांत बाहेर आलं. "बाई, पाणी बदलता का?" मी आटलेलं तेवढं वरून घालत होते, बदलत नव्हते. "थंडीत पाणी किती गार असतं?" डोंगराचं वारं, जानेवारी, काच हाताला बर्फ लागायची. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं पचनही मंद होतं. "खायला किती?" बलक, सकाळ-संध्याकाळ. "आणि गाळणी चालू ना?"

गाळणी मी रात्री बंद करत होते. आवाजाने ह्यांना झोप लागत नाही आणि वीज कशाला जाळायची. मला वाटायचं गाळणी म्हणजे कचरा अडवायची चाळणी. तिच्या स्पंजात चांगले जिवाणू घर करून असतात, माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या दाण्यांतून जो अमोनिया तयार होतो त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट ते करतात. त्यांना प्राणवायू लागतो. मी रोज रात्री त्यांचा श्वास कोंडत होते आणि वरून बलक कुजवत होते. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसायचं. अमोनिया दिसत नाही.

त्याने सांगितलं त्याप्रमाणे खडेमीठ घातलं, लिटरला एक-दोन ग्रॅम, विरघळवून. मला हे चमत्कारिक वाटलं. माणसाच्या जलोदरात डॉक्टर मीठ तोडायला सांगतात, माशाच्या जलोदरात घालायला! पण विचार केला तर बरोबर आहे. माणसाच्या बाहेर हवा आहे, त्याच्या अंगात मीठ साठलं की ते पाणी धरून ठेवतं. माशाच्या बाहेर पाणी आहे, त्यात थोडं मीठ पडलं की आतलं-बाहेरचं अंतर कमी होतं आणि उपसणाऱ्याला जरा दम खायला मिळतो. संत्र्याच्या बागेत पान पिवळं पडलं की जे मॅग्नेशियम सल्फेट टाकतात, तेही सूज उतरायला वापरतात म्हणे. पण खवले उभे राहिल्यावर मासा क्वचितच वाचतो, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. फार हाल होत असतील तर लवंगेच्या तेलाने झोपवता येतं म्हणाला. लवंगेचं तेल घरात होतं, दाढेसाठी. मी बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि परत फडताळात ठेवली. माझ्याने झालं नाही. ती तिसऱ्या दिवशी गेली. माझ्याने झालं नाही म्हणजे मी फार दयाळू, असं समजू नका. ते दोन दिवस तिने काढले, मी नाही.

आता तो शब्द.

माझी धाकटी मावशी खाली पूर्णेकडच्या गावात दिली होती. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नव्हतं. मी चौथीत होते, म्हणजे १९६१-६२ ची गोष्ट. मावशी माहेरी आली ती पोट पुढे घेऊन. आजीने तिला दारातच पाहिलं आणि कपाळावर हात जोडले, "माय माय, गजाननबाबानं ऐकलं!" पाळी आठ महिने आली नव्हती. मावशीला स्वतःलाही आत काहीतरी हलतंय असं वाटायचं. हिरवा चुडा भरला, हिरवं लुगडं आणलं, डोहाळजेवण झालं. तिची हातपायांची काडी झाली होती आणि पावलं सुजली होती, पण पहिलटकरणीची पावलं सुजतातच, असं सगळ्याच म्हणायच्या. डोळे पिवळे दिसत होते. ते कोणी पाहिलं नाही असं नाही, पाहिलं आणि सोडून दिलं. तिला खारट खावंसं वाटायचं. लिंबाचं लोणचं, ज्वारीचे पापड. माजघरातली बरणी तिच्यापर्यंत नेऊन द्यायचं काम माझं होतं. दिवसातून तीनदा न्यायचे. मला त्या कामाचा मोठा अभिमान होता.

अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोटातून बादलीभर पाणी काढलं. यकृत गेलं होतं. आजोबा परत आले आणि ओसरीवर बसून एवढंच म्हणाले, "मूल नोहोतंच. जलोदर." मावशी नंतर अठरा दिवस होती. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. बरणी आजीने उचलून नेली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या त्या बिचाऱ्या मादीला मी बलक का घातला, हे तुम्हाला आता कळलं असेल. मला ते कळायला तिचे खवले उभे राहावे लागले. साठ वर्षांहून जास्त काळ गेला, मी शेकडो मुलांना शिकवलं, आणि तरी पोट फुगलेलं दिसलं की माझा हात बरणीकडेच गेला.

माझ्या शाळेतही फुगलेली पोटं पुष्कळ होती. डोंगराकडच्या वाड्या-पाड्यांतून येणारी पोरं, पाय काडीसारखे आणि पोट मडक्यासारखं. नवी असताना मी त्यांना खातीपिती समजायचे. एका आरोग्यसेविकेने मला खालची पापणी ओढून दाखवली, पांढरी फटक. जंत आणि उपासमार. भरलेलं पोट आणि रिकामं पोट दुरून सारखंच दिसतं. आता वर्षातून दोनदा शाळेत जंताच्या गोळ्या देतात, तेव्हा ते नव्हतं.

माझं मत आहे, आणि ते मी जरा चढ्या आवाजात मांडणार आहे, की आपल्याला खूण दिसली की तिलाच नाव देऊन मोकळं व्हायची घाई असते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांतून लोकांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. आठ दिवसांत सगळ्यांचं निदान तयार होतं! शाम्पू, बोअरचं पाणी, बुरशी, कोणी तर व्हायरसही म्हणालं. मोठ्या संस्थांची माणसं येऊन रक्त, पाणी, नखं तपासत होती. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे डोक्यावरचं कारण ताटात! खारपाण पट्ट्यातही तेच. चेहऱ्यावर, पावलांवर सूज आली की "चालणं झालं असेल" म्हणायचं, कंबर दुखली की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची आणि मूत्रपिंडाचं निघेपर्यंत वर्ष घालवायचं. हे मी नात्यात पाहिलंय.

दुकानदारांवरही माझा राग आहे. माशाचा असो की माणसाचा, न बघता जिवाणूंवरचं औषध कसं देतात? ती कॅप्सूल पाण्यात फोडली की गाळणीतले चांगले जिवाणू आधी मरतात, उरलेलं पाणी मोरीतून नालीत, नालीतून शेतात. एक ब्लॉगमित्र मला लिहितात, "बाई, दहा रुपयांचा मासा, त्याचं काय एवढं?" दहा रुपयांचाही नाही हो, फुकटचा आहे. पण निदान फुकटच्या माशावर तरी नीट शिकून घ्यावं ना माणसाने.

मी काय शिकले ते सांगते, म्हणजे कोणाच्या नातवाची पेटी असेल तर कामी येईल. आधी हात पाठीमागे बांधून दोन दिवस बघायचं. बाजूने बघायचं आणि वरूनही बघायचं, वरून फार महत्त्वाचं. गप्पीची मादी असेल आणि शेपटीच्या अलीकडे पोटाखाली काळसर ठिपका गडद होत असेल, खवले अंगाला चोपडे बसलेले असतील, खाणंपिणं हिंडणं ठीक असेल, तर बाईंना त्रास देऊ नका. पेटीत नर नाही म्हणून गाभण नसेल, असं मात्र समजू नका. एकदा नर भेटला की ती पुढचे कित्येक महिने त्यावर पिल्लं देत राहते. पोट फुगलंय आणि मागे लांब दोरीसारखी विष्ठा लोंबतेय, किंवा ती होतच नाहीये, तर बहुतेक अजीर्ण. सुकं दाणं पोटात जाऊन फुगतं. गोल्डफिशला तर आपल्यासारखं जठरच नसतं, त्याला सारखं घालत राहिलं तर दुसरं काय होणार? एक-दोन दिवस उपास. मग उकडलेल्या मटाराचं साल काढून आतला गर कणभर. आणि मागून लाल दोऱ्याचं टोक दिसलं तर जंत, तिथे जाणकाराला विचारा. काहीही असलं तरी पाणी मात्र बदला, पाव हिस्सा, एकदम सगळं नाही. आमच्या नळाच्या पाण्यात टीसीएल असतं, ते बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातो.

आणि कंटाळा आला म्हणून हे मासे नाल्यात नेऊन सोडू नका. नातवाला तेच सुचलं होतं. सातपुड्याच्या ओढ्यांत आपले स्वतःचे छोटे मासे आहेत, हा परदेशी पाहुणा तिथे गेला की त्यांच्या तोंडचं खातो, पिल्लंही खातो. हौदात आहे तोवर तो कामाचा. ओढ्यात सोडणं अगदी चूक. आरोग्य खात्यानेही वाहत्या पाण्यात ते सोडू नयेत असं माझं मत आहे.

परवापासून तिसऱ्या एका मादीचं पोट मोठं दिसतंय. ठिपका आहे, पण फिकट. मी रोज सकाळी स्टुलावर चढून वरून पाहते, ह्यांनी स्टूल धरायचं असं ठरलंय. खवले आज तरी बसलेले आहेत. नातवाने विचारलं, "आजी, गाभण आहे की आजारी?" मी म्हटलं, "पोट फुगलंय, एवढंच कळलंय. सांगते." गाळणी रात्रभर चालू असते, ह्यांनी कानात कापूस घालायला सुरुवात केली आहे. आज एकादशी, म्हणून तिला दाणे नाहीत.